किती फुटी घ्यायची?

कोल्हापुरात बोट? येडा झालास काय भावा?

गेल्या महिन्याभरात आमच्या ग्रुपनं हा प्रश्न इतक्या जणांकडून ऐकलाय, की आता तो टी-शर्टवर छापून घ्यावा म्हणतोय. आणि प्रश्न काही चुकीचा नाही. आपल्याकडे बुलेट घेणाऱ्याचं कौतुक होतं, जातिवंत म्हैस घेणाऱ्याचं त्याहून जास्त होतं, पण बोट घेणाऱ्याकडे लोक जरा काळजीनंच बघतात. समुद्र इथून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर, मध्ये सह्याद्रीचा घाट. रंकाळा आहे, पण तो महापालिकेचा. आपली मोटरबोट आणली आणि दिली सोडून, असं तिथं चालत नाही. राधानगरीच्या भोवती अभयारण्य. बाकीच्या धरणांच्या पाण्यात मशीन घालायचं तर आधी परवानग्यांचे कागद. मग बोट ठेवायची कुठं आणि चालवायची कुठं?

तरीही मंडळी, ज्या गावात पावसाळ्यात एकमेकांना ‘कसा आहेस’ विचारायच्या आधी ‘पाणी किती फुटांवर?’ असं विचारतात, त्या गावात बोटीचा विषय निघणं यात नवल काय? राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे आपल्याकडच्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २००५ झालं, २०१९ झालं, २०२१ झालं. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. ‘असं परत होणार नाही’ म्हणत आपण घरं धुऊन काढली आणि दोनच वर्षांत, २०२१च्या जुलैत, नदीनं तो आकडाही मागं टाकला. २०२४च्या जुलैतही धोक्याची पातळी ओलांडलीच.

तर विषय असा. आमचा सहा जणांचा ग्रुप. दोघं आयटीवाले, एक गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत, एक बँकेत, एक सीए मैत्रीण आणि अस्मादिक. दर वर्षी तारकर्लीला जायचं, भाड्याच्या बोटीत दहा मिनिटं बसायचं आणि परतताना घाटात ‘आपलीच एक असती तर’ असं म्हणायचं, हे आमचं ठरलेलं. यंदा मात्र बोनस झाला आणि प्रकरण गंभीर झालं. नवी बोट परवडणारी नव्हतीच. सेकंड हॅण्डमध्ये शोधता शोधता शेवटी दोन नावं उरली. एक १४ फुटी, दुसरी १९ फुटी. दोन्ही फायबरच्या. आणि ग्रुपचे सरळ दोन तट पडले.

आपल्यापैकी सगळेच काही बोट घेणार नाहीत, मला माहितेय. पण लहान घ्यावी की मोठी, हा घोळ फ्लॅटपासून फ्रिजपर्यंत सगळीकडे तोच असतो. फक्त पाण्यावर त्याचं उत्तर चुकलं, तर ते जास्त महागात पडतं.

पाच फुटांनी काय होतं?

ऐकायला फरक पाच फुटांचा. म्हणजे एका शाळकरी पोराच्या उंचीएवढा. पण बोट ही पट्टी नव्हे, भांडं आहे. लांबी वाढली की रुंदी वाढते, खोलीही वाढते. आमची १४ फुटी मधोमध ५ फूट रुंद आहे, १९ फुटी साडेसात फूट. तिन्ही बाजूंनी हिशेब केला तर मोठी बोट धाकटीच्या दीडपट नाही, जवळपास पावणेतीन-तीन पट भरते. वजनाचं तर विचारूच नका. धाकटीचं रिकामं खोकं दीडएकशे किलोचं, त्यावर २५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन साधारण ५० किलोचं. मोठीचं खोकं ६०० किलो, मागं ७५ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक मशीन दीडशे किलोच्या वर, शिवाय पेट्रोलची टाकी, बॅटऱ्या, स्टिअरिंग, सीटा. ट्रेलर धरला तर प्रकरण टनाच्या वर जातं.

याचा साधा अर्थ सांगतो. धाकटी बोट चार जण उचलून छोट्या टेम्पोत टाकू शकतात आणि मशीन दोघं वेगळं उचलू शकतात. मोठी बोट उचलणं सोडा, पाण्यात सोडायची तर उतरता पक्का धक्का पाहिजे, नाहीतर क्रेन. तिला ओढायला ताकदीची गाडी पाहिजे, ट्रेलरची आरटीओकडे नोंदणी पाहिजे आणि आंबा घाटातल्या वळणांवर टनभर वजन मागं असताना ब्रेक दाबायचं धाडस पाहिजे. आमच्या फौंड्रीवाल्याला यातलं शेवटचं भरपूर आहे. ग्रुपला तेवढं नाही.

एक्सेल शीट उघडते तेव्हा

सीए मैत्रिणीनं पहिल्याच मीटिंगला लॅपटॉप उघडला आणि रोमान्स संपला. धाकटीचा भाव ट्रेलरसकट पावणेतीन लाख. मोठीचा साडेआठ लाख. सहा जणांत वाटलं तर एकेकाला पंचेचाळीस-शेहेचाळीस हजार विरुद्ध एक लाख चाळीस हजारांच्या वर. इथंपर्यंत सगळे शांत होते. बोनस म्हणजे वरकड पैसा, ही भावना अजून ताजी होती.

मग तिनं विचारलं, “वर्षातून किती वेळा जाणार?”

“दर वीकेंडला!” आयटीवाले एका सुरात.

तिनं एकेक रेघ मारायला सुरुवात केली. मेच्या शेवटापासून ऑगस्टअखेरपर्यंत किनाऱ्यावरची मौज बंद, समुद्र खवळलेला. सप्टेंबरात गणपती. मग दसरा-दिवाळी. डिसेंबर-जानेवारीत लग्नं. मार्चमध्ये ती स्वतः आणि बँकवाला दोघंही कामातून गेलेले. एप्रिलमध्ये अप्रेझल. उरले दहा वीकेंड, तेही सगळं जुळून आलं तर. दर वीकेंडला तीन तास मशीन चालू. म्हणजे वर्षाला ३० तास.

आता पेट्रोल. पेट्रोलवर चालणारं आउटबोर्ड मशीन पूर्ण ताकदीनं पळवलं, तर ढोबळमानानं दर दहा हॉर्सपॉवरमागं तासाला पावणेचार लिटर पितं. म्हणजे २५चं मशीन साडेनऊ लिटर, ७५चं मशीन अठ्ठावीस. आपण काही कायम फुल रेस देणार नाही, म्हणून निम्मं धरू: पाच आणि चौदा लिटर. ३० तासांचे झाले १५० आणि ४२० लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तर १५,७५० रुपये आणि ४४,१०० रुपये. त्यावर देखभाल, जागा, विमा, रंगरंगोटी यासाठी किमतीच्या एक दशांश रक्कम दर वर्षी बाजूला काढायची. जुन्या बोटीला त्याहून कमी धरणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक. म्हणजे धाकटीला २७,५०० आणि मोठीला ८५,०००.

बेरीज करून भागाकार केला तर धाकटी बोट पाण्यावर तासाला साधारण १,४४० रुपये खाते, मोठी ४,३००. यात बोटीची मूळ किंमत धरलेलीच नाही बरं का. आपल्याकडे पूर्वी म्हणायचे, हत्ती घेणं सोपं, पोसणं अवघड. हत्तीला निदान कुणी दारात येऊन केळी तरी घालतं.

“सहा जणांत वाटून बघ ना,” आयटीवाला नंबर दोन. बघितलं. माणशी तासाला २४० विरुद्ध ७१५ रुपये. मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नची सवय झालेल्या पिढीला दोन्ही आकडे परवडण्यासारखेच वाटले. म्हणजे पैशानं मोठीला मागं खेचलं, पण बाद केलं नाही.

पण बसणार किती?

खरी पंचाईत इथं झाली. लहान मोटरबोटीत किती माणसं बसवावीत याचं एक जुनं सोपं गणित आहे. लांबी फुटांत, रुंदी फुटांत, दोन्हींचा गुणाकार करायचा आणि १५नं भागायचं. येईल तो पूर्ण आकडा घ्यायचा, अपूर्णांक सोडून द्यायचा. तेही हवा शांत असताना. वारं असेल तर आणखी कमी.

१४ गुणिले ५ भागिले १५. उत्तर ४.६६. म्हणजे चार. १९ गुणिले साडेसात भागिले १५. उत्तर साडेनऊ. म्हणजे नऊ.

आणि आम्ही सहा! शिवाय या गणितात माणूस ६८ किलोच्या आसपासचा धरलेला असतो. तांबडा-पांढरा ओरपून बोटीत बसणाऱ्या माणसाला ते कितपत लागू होतं, हे ज्याचं त्यानं आपल्या पट्ट्याच्या भोकांकडे बघून ठरवावं.

मोठीवाल्यांच्या गटात जल्लोष झाला. विषय संपला म्हणे! सहा मित्रांनी मिळून चार माणसांची बोट घ्यायची, म्हणजे दोघांनी काय किनाऱ्यावर चपला राखायच्या?

समुद्राचा मुद्दाही त्यांच्याच बाजूचा. कोकणात सकाळी ताटासारखा सपाट दिसणारा समुद्र दुपारनंतर वारं सुटलं की बदलतो. १४ फुटी बोट त्या लाटांवर ताकातल्या लोण्यासारखी हिंदकळते आणि बसणाऱ्याचं कंबरडं मोडते. १९ फुटी बोट लाट कापते. किनारा सोडून उघड्या समुद्रात जायचं असेल तर धाकटीचा विचारही करू नये. तिची जागा खाडीत. तारकर्लीच्या मागची कर्ली नदीची खाडी, देवगडची खाडी, तेरेखोलची खाडी. तिथं ती मजेत पळेल. मालवणच्या सिंधुदुर्गाला वळसा घालण्याचं स्वप्न मात्र धाकटी घेणाऱ्यानं विसरावं.

म्हणजे हिशेब मांडला तर असा: खर्चात धाकटी पुढं. जागेत आणि समुद्रात मोठी पुढं. बरोबरी. मग बँकवाला बोलला.

शिरोळचा मुद्दा

तो मूळचा शिरोळ तालुक्यातला, जिथं पंचगंगा कृष्णेला मिळते. तो एरवी कमी बोलतो. बोट घ्यायची कल्पना निघाली तेव्हा पैसे काढायला सगळ्यात आधी तो तयार झाला होता आणि ‘कशासाठी’ हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. २०१९ला त्याच्या घरात आठ माणसं होती. त्यात अंथरुणाला खिळलेली आजी. पाणी पायरीला लागलं, उंबऱ्याला लागलं, मग ओट्यावर आलं. बोट येईपर्यंत सगळे माळ्यावर. बोट आली, सगळे सुखरूप निघाले, पण ती वाट बघणं त्याच्या डोक्यातून गेलेलं नाही.

“मला मोठी पाहिजे,” तो म्हणाला. “आठ माणसं एका खेपेत.”

यावर काय बोलणार? एक्सेल शीट बंद झाली.

पण दोन दिवसांनी आम्ही परत बसलो आणि या वेळी त्याच्याच मुद्द्यावरून सुरुवात केली. बोट पुरासाठी पाहिजे असेल तर ती पुराच्या दिवशी कुठं असली पाहिजे? २०१९ला आणि २०२१ला पुणे-बंगळूर हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि काही दिवस बंद राहिला. घाटरस्त्यांचा पावसाळ्यात भरवसा नाही. म्हणजे मालवणात शेडमध्ये उभी असलेली कितीही भारी बोट त्या आठवड्यात कोल्हापूरसाठी नसल्यातच जमा. बोट पावसाळ्याआधी इथं यायला हवी, आणि इथं आल्यावर ती पाण्यापर्यंत पोचायला हवी.

कुठल्या पाण्यापर्यंत? आपल्याकडचा पूर दोन प्रकारचा असतो. एक नदीच्या मुख्य पात्रातला, जिथं अख्खी झाडं वाहत येतात. तिथं आपण जायचंच नाही. ते काम एनडीआरएफचं, लष्कराचं. २०१९ला तर नौदलाच्या तुकड्याही आल्या होत्या. दुसरा पूर फुगवट्याचा. पुढं कृष्णा तुंबली की पंचगंगेचं पाणी मागं सरकतं आणि चिखली, आंबेवाडीपासून शिरोळच्या गावांपर्यंत गल्लीबोळांत शिरतं. या पाण्याला ओढ कमी, पण पोटात सगळं लपलेलं. कंपाउंडची भिंत, उसाचं उभं पीक, ट्रॅक्टरची ट्रॉली, तारा, लोंबणाऱ्या केबली आणि केंदाळ. केंदाळ पंख्यात गुंडाळलं की ७५ हॉर्सपॉवर आणि २५ हॉर्सपॉवर सारखेच गप्प होतात. फरक एवढाच, की धाकटीचं मशीन एकटा माणूस वर उचलून पंखा मोकळा करतो आणि तोवर दुसरा बांबूनं बोट रेटतो. साडेसात फूट रुंदीची बोट गल्लीत अडकली, तर ती वळवायलाही जागा नसते.

आणि सोडणार कुठून? पुरात धक्का नसतो. रस्ता जिथं पाण्यात बुडतो, तोच धक्का. चार माणसं बोट उचलून नेतील आणि डांबरावरून पाण्यात ढकलतील, एवढंच शक्य असतं. जुन्या माणसांना विचारा. या भागात गुळाच्या काहिलीतूनही पुराची माणसं काढलेली आहेत. त्या काहिलीचा मोठा गुण काय, तर ती कुठंही उचलून नेता येते.

आठ माणसं, किती खेपा?

राहिला प्रश्न आठ माणसांचा. चार जणांच्या बोटीत चालवणारा एक आणि मदतीला एक धरला, तर जागा उरते दोघांची. म्हणजे आठ माणसांना चार खेपा. त्याला हे सांगताना कुणालाच बरं वाटत नव्हतं.

पण इथं ब्रह्मनाळ आठवायला लागतं. सांगली जिल्ह्यातलं, पलूस तालुक्यातलं गाव. ८ ऑगस्ट २०१९. पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. आत तीसच्या आसपास माणसं होती आणि त्यातल्या अनेकांचा, बायकामुलांसह, जीव गेला. बोट वाचवायलाच आली होती. पण पाण्यात अडकलेल्या माणसाला मागं थांबवणं फार कठीण असतं. ‘तू पुढच्या खेपेला ये’ असं कुणाच्या आईला सांगायची हिंमत कुणात असते? म्हणून आणखी एक बसतो, मग आणखी एक. भरलेली बोट काठाशी पाण्याला टेकते, एक जण घाबरून उभा राहतो, सगळे एका बाजूला झुकतात आणि पुढचं सगळं काही सेकंदांत होतं.

मोठी बोट घेतली असती, तर नऊ जणांच्या बोटीत आम्ही नऊच बसवले असते का? बँकवाल्यानंच उत्तर दिलं. “नाही. अख्खी गल्ली बसली असती.”

लहान बोटीचा एक फायदा असा, की ती लहान आहे हे दिसतं. पाचवा माणूस चढताना ती लगेच कलते, बोलते. मोठी बोट बराच वेळ गप्प राहते. आणि चार खेपा म्हणजे वेळ वाया, हेही पूर्ण खरं नाही. फुगवट्याच्या पाण्यात कोरडा रस्ता बऱ्याचदा पाचशे मीटर ते किलोमीटरवर असतो. सावकाश गेलं तरी जाऊन-येऊन दहा-पंधरा मिनिटं. तासाभरात आठही माणसं बाहेर. आजी पहिल्या खेपेला, तिच्यासोबत एक जण. मोठी बोट रस्त्यापर्यंत आणायला आणि सोडायलाच तेवढा वेळ गेला असता.

अर्थात, हे सगळं स्वतःच्या मनानं करायचं नसतं. बोट असलेल्यांनी पावसाळ्याआधीच तहसीलदार कार्यालयात किंवा जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापनाकडे आपली माहिती द्यायची, आणि ते सांगतील तिथं, व्हाइट आर्मीसारख्या सराव असलेल्या संस्थांच्या हाताखाली काम करायचं. पुरात रील काढायला निघालेली बोट म्हणजे वाचवायच्या यादीत आणखी चार नावं.

घ्यायच्या आधी

धाकटी ठरली. पण कुठलीही सेकंड हॅण्ड बोट घेताना, लहान असो वा मोठी, हे बघून घ्या. कोकणातल्या तांडेल मंडळींनी शिकवलेलं आहे, फुकट देतोय.

सकाळी न सांगता जा आणि आधी मशीनवर हात ठेवा. गरम असेल तर मालकानं तुम्ही यायच्या आधीच ते चालू करून बघितलंय. थंड मशीन किती ओढण्यांत चालू होतं, हीच खरी परीक्षा.

चालू झाल्यावर मागून पाण्याची बारीक धार पडली पाहिजे. ती थंडावा देणाऱ्या पाण्याची खूण. धार नसेल तर ताबडतोब बंद करायला सांगा.

खालच्या गिअरचं ऑइल थोडं काढून बघा. काळपट असेल तर चालेल. दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी शिरलंय.

सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडा किती यापेक्षा सगळ्यांचा जवळपास सारखा आहे का, ते महत्त्वाचं. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर भाव पाडा किंवा घरी जा.

बोटीच्या मागच्या फळीवर, जिथं मशीन लटकतं, तिथं बोटांनी आणि मग लाकडी हातोडीनं टकटक करा. फायबरच्या आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं. आवाज खणखणीत आला पाहिजे. भद्द आला तर आत लाकूड कुजलंय. मशीन वर उचलून हलवताना फळीवर चिरा उघडताना दिसल्या तरी तोच अर्थ. हा खर्च मशीनच्या रिपेअरीपेक्षा जिव्हारी लागतो.

आणि बोट वजनकाट्यावर घाला! आपल्या ऊसपट्ट्यात काट्यांची काय कमी? आधी ट्रेलरसकट, मग नुसता ट्रेलर. असायला हवं त्यापेक्षा वजन पन्नास-शंभर किलोनं जास्त भरलं, तर तळातल्या फोमनं पाणी पिलंय. ते पाणी तुमच्या पाचव्या माणसाची जागा आधीच खाऊन बसलेलं असतं.

शेवटचं कागद. १९१७चा जुना कायदा जाऊन २०२१चा इनलँड व्हेसल्स ॲक्ट आलाय. नदी-खाडीत मशीनवर चालणाऱ्या बोटीला नोंदणी, तपासणी, विमा हे सगळं लागतं आणि किनाऱ्यावर महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड आहेच. ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्याला ‘पैसेही नंतर देतो’ असं सांगायचं.

मोठी कुणी घ्यावी? ज्याचं घर रत्नागिरी, मालवण किंवा अलिबागला धक्क्याजवळ आहे, ज्याला खरंच समुद्रात जायचंय आणि जो वर्षाला तीस नाही तर शंभर तास ती चालवेल, त्यानं जरूर घ्यावी. त्याला चौदा फुटी पुरणार नाही आणि ती वापरायची त्यानं हौसही करू नये. आम्ही कोल्हापूरकर. आमचं पाणी वेगळं.

सौदा परवा झाला. अडीच लाखांवर तुटला, कारण मागच्या फळीचा एक कोपरा भद्द वाजला आणि ती बदलायचा खर्च आमच्यावर आला. उरलेल्या पैशांतून पहिली खरेदी लाइफ जॅकेट. चार नव्हेत, दहा, कारण काठावर उभ्या असलेल्या माणसालाही ते लागतं. तारकर्लीच्या खाडीत चार जण बोटीत आणि दोघं काठावर सोलकढी पीत बसणार, दर तासाला पाळी बदलणार, असं ठरलंय.

नाव काय ठेवायचं यावर ग्रुपमध्ये अजून भांडण चालू आहे. पण रंगाचा डबा घेऊन बँकवाल्यानं दोन्ही बाजूंना, लांबून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत, एक गोष्ट आधीच लिहून टाकलीय : ‘फक्त ४ माणसे’.